चांदीच्या चकतीची दृष्ट

भाईंदर पश्चिमेला आमच्या इमारतीत मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची आहेत. मी सांगितलेल्यातलं अर्धं खरं मानणारी आणि काहीच खरं न मानणारी. पहिल्या प्रकारात माझी आई एकटीच आहे. तेव्हा आता जे सांगणार आहे त्यातलं किती घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. एवढंच सांगून ठेवते की यातला सगळ्यात अशक्य वाटणारा भाग खरा आहे आणि त्यानेच माझा घात केला.

मी सात वर्षं पीएच.डी. करत होते. आई बारा म्हणते. माझ्याबरोबर लागलेल्या मुलींपैकी एकीच्या मुलाला मिसरूड फुटलं असं मी सांगत असते, पण तो अजून बालवाडीत आहे. आमची संस्था घोडबंदर रोडच्या त्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. प्रयोगशाळा तळघरात, कारण वरच्या मजल्यावर कुणी शिंकलं तरी आमच्या मोजणी-यंत्राची सुई हलते. खिडकी नाही. आत शिरताना सकाळ असते, बाहेर पडताना काय असतं ते पडल्यावर कळतं. सात वर्षांत मला चष्मा लागला, केस पांढरे झाले आणि एकदा तर मी बाहेर आले तेव्हा सरकार बदललेलं होतं.

प्रकाशाची एक खोड आहे. भिंग कितीही भारी आणा, तो आपल्या लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून लहान जागेत गोळा व्हायला तयार होत नाही. माझं काम त्याला तिथे कोंबण्याचं. त्यासाठी चांदीच्या पातळ थरावर एकात एक अशी वर्तुळं घ्यायची, इतकी बारीक की केसाच्या जाडीत शंभर रेघा मावाव्यात, आणि मधोमध एक टोकदार सुळका. त्यावर लेझर टाकला की प्रकाश त्या रेघांत अडखळतो, चांदीतल्या इलेक्ट्रॉनांना हलवतो आणि त्यांच्याबरोबर पृष्ठभागालाच चिकटून बसतो. मग त्याला वर उडता येत नाही. सगळीकडून तो मधल्या सुळक्याकडे सरकतो, सरकता सरकता आखूड होतो आणि टोकावर एवढ्याशा ठिपक्यात साठतो.

आमच्या घरात हे कुणाला फार समजवावं लागलं नाही. आमचं घराणं मिठागरवाल्यांचं. भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, खाडी आत घ्यायची आणि दार लावून टाकायचं. मग ते पाणी मोठ्या वाफ्यातून लहान, लहानातून आणखी लहान वाफ्यात फिरवत न्यायचं. परत जायला वाट नाही. शेवटच्या वाफ्यात पाणी उरत नाही, मीठ उरतं. आईने तरुणपणी ते मीठ डोक्यावरून वाहिलंय. मी तिला वर्तुळांचं चित्र दाखवलं तेव्हा पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "उजेडाचं मिठागर हाय ह्ये." माझ्या प्रबंधाचं अख्खं पहिलं प्रकरण तिने चार शब्दांत संपवलं.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नव्हती. चांदीला चिकटलेला प्रकाश वेळेत टोकाशी पोहोचला नाही, तर केसाच्या जाडीइतकं अंतर चालून विझतो. वर उडता येत नाही, पुढे जाता येत नाही, जागच्या जागी ऊब होऊन संपतो. सातव्या वर्षी हे वाक्य लिहिताना मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. पेन नव्हतं, कीबोर्ड होता. भिंत मात्र होती.

तर मला हवा होता एक ठिपका. सगळं गणित झालेलं, सगळी प्रकरणं लिहिलेली, फक्त शेवटच्या प्रकरणात एका चित्राची जागा मोकळी. चांदीवरचा तो ठिपका सुईने मोजून त्याचं चित्र तिथे लावलं की मी सुटले. नाही लागलं तर मुदत महिनाअखेरीस संपत होती, आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सांगून टाकलं होतं की आणखी मुदत मागणारं पत्र त्या लिहिणार नाहीत. आधीची तीन पत्रं त्यांनी लिहिली होती. प्रत्येक पत्राआधी मी त्यांना एक कारण दिलेलं. एकदा डोंगरातल्या माकडाने लेझरचा चष्मा पळवला होता. एकदा घोडबंदर रोडवर बिबट्या आडवा बसला होता. एकदा खाडीचं पाणी आमच्या लिफ्टमध्ये आलं होतं. यातलं माकड खरं होतं. मॅडमनी तिन्ही कारणं सारख्याच चेहऱ्याने ऐकून घेतली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

ही चांदीची चकती कशी बनायची तेही सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातच आहे. वर्तुळं चांदीत कोरायची नसतात. ती एका सिलिकॉनच्या नखाएवढ्या साच्यात उलटी कोरलेली असतात. त्या साच्यावर चांदीचा थर चढवायचा, वरून गोंद लावून काच चिकटवायची आणि मग सोलायचं. केळीच्या पानावर भाजलेली पानगी सोलली की पानाच्या शिरा तिच्यावर उमटलेल्या असतात ना, तसंच. साचा पुन्हा पुन्हा वापरता येतो. नियम एकच. चांदी साच्याला चिकटलेली असेपर्यंत झाकलेली असते, तिला हवा लागत नाही. म्हणून ती मोजायच्या दिवशी, मोजायच्या खोलीतच सोलायची. आमच्या घरात तर पैंजण पितळेच्या आधी काळे पडतात. खाडीची हवा, दुसरं काय.

संस्थेतलं थर चढवायचं यंत्र बंद पडलेलं होतं, पण आमच्याकडे हाटकेशची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका गाळ्यात एक सेठ प्लास्टिकच्या बटणांना आणि देवांच्या मुकुटांना चांदीसारखी चमक चढवतो. हवा काढून टाकलेल्या पिंपात धातू तापवायचा, त्याची वाफ मुकुटांवर बसते. माझंही यंत्र तेच, फक्त मुकुट नाहीत. मी आपली चांदीची तार घेऊन गेले तर तो म्हणाला, "मैडम, इतने से टुकड़े के लिए पूरा पिंप ख़ाली करूँ?" मी त्याला सांगितलं की हा तुकडा चंद्रावर जाणार आहे. त्याने पिंप नुसतं रिकामं केलं नाही, आतून दोनदा पुसलं, आणि बटण दाबायच्या आधी हात जोडले. थर असा चढला की बघत राहावं.

हे शनिवारी दुपारी. मोजणी सोमवारी. मी गोंद लावून काच बसवली, ते सगळं एका डबीत ठेवलं आणि घरी आले, तर घरात आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू.

एका खोलीत सतरा बायका. मी मोजल्या, कारण आत शिरायला वाट नव्हती आणि मोजण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं. एकीच्या हातात तिळगूळ, एकीच्या मांडीवर पोर, सगळ्यांच्या तोंडात माझं नाव. माझं वय, माझं लग्न, माझं शिक्षण असे तीन विषय त्या फिरवून फिरवून घेत होत्या. समोरच्या फ्लॅटमधली राजस्थानी काकी बिचारी मनाने चांगली. तिने मला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि प्रेमाने विचारलं, "बेटा, तू अभी तक पास नहीं हुई?"

मागे दार, दारात चपलांचा ढीग, पुढे सतरा जोडी डोळे. मला हसून निघून जाता आलं असतं. मी डबी काढली. सुरीचं टोक घातलं आणि सगळ्यांच्या समोर चकती साच्यावरून सोलली.

खरं सांगते, ती दिसायला सुंदर होती. आरशासारखी चांदी आणि मधे मोहरीएवढा डाग, वळवला की मोरपंखी, पुन्हा वळवला की शेंदरी. तो डाग म्हणजे माझी वर्तुळं, शेकडो. चकती हातोहात फिरली. मी सांगत होते की यात प्रकाश अडकतो, एकदा गेला की बाहेर येत नाही, जगात अशा तीनच आहेत, दोन परदेशात. बायका वाकून बघत होत्या. कुणी म्हणाली टिकलीसारखी आहे, कुणी म्हणाली यात खडा बसवून नथ छान होईल. काकी म्हणाली, "अच्छा, तो पास हो गई." सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात मला कुणी अडकलेली म्हणून बघत नव्हतं. मग मी पाच-सहा जणींना खाली सोडायला गेले आणि जिन्यात आणखी थोडं वाढवून सांगितलं.

आईने मागे काय केलं ते मला रविवारी कळलंच नाही. मी डबी उघडलीच नाही, आता दोन दिवस सांभाळून ठेवू असं ठरवून. शहाणपण असं नेहमी मला एक दिवस उशिरा येतं. सोमवारी सकाळी निघायच्या आधी डबी उघडली तर चांदीवर पांढुरके, तपकिरी फोड. भिंगातून बघितलं. वर्तुळांच्या मधोमध मिठाचे खडे बसलेले, त्यांच्याभोवती ओल सुटून चांदी खाल्लेली. डबीच्या कोपऱ्यात मोहरीचा एक दाणा.

आई दारात उभी होती. म्हणाली, "दृष्ट काडली, बाय. सतरा जनींनी बगितलं."

मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन तिने चकतीभोवती तीनदा ओवाळलं होतं आणि माणसाच्या कपाळाला टेकवतात तशी मूठ शेवटी चकतीला टेकवली होती. मूठ ओली. मीठ आमचं, जाडं. बाकीचं तिने तव्यावर टाकलं, आणि ठसका अजिबात आला नाही, म्हणजे नजर जबरदस्त लागलेली.

मी मॅडमना फोन केला आणि माकडानंतर पहिल्यांदा खरं कारण सांगितलं. नमुना खराब झाला, आईने त्याची दृष्ट काढली. मॅडमनी शांतपणे विचारलं की बिबट्याची दृष्ट का नाही काढली. मी शपथ घेतली. खाडीची, मिठागराची, देवीची. त्या म्हणाल्या, "आईला घेऊन ये. आजच. त्यांच्या तोंडून ऐकते."

आता मी जे सांगितलं ते खरंच होतं. फक्त त्यात चकती कुणी सोलली ते नव्हतं. ते मी गाळलं, कारण मोजणीआधी न सोलण्याचा नियम मॅडमनी माझ्याकडून लिहून घेतलेला. तो मोडला असं कळलं असतं तर मुदत राहिली बाजूला, माझी प्रयोगवहीच त्यांनी कायमची बंद केली असती, म्हणजे पीएच.डी. संपली.

बस वरसाव्याच्या पुलाआधी अडकली. तिथे गाड्या अडकतात हे सांगायची गरज नाही, पण त्या दिवशी त्या रुजल्या होत्या. पुढे कंटेनर, मागे टँकर, डाव्या हाताला डोंगर. आई खिडकीशी, मांडीवर पिशवी, पिशवीत मॅडमसाठी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणि तिळगूळ. मी तिला समजावत होते. तू फक्त दृष्ट काढल्याचं सांग. बाकी काही विचारलं तर म्हण, मला कळत नाही. आई बाहेर टँकरच्या चाकाकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "म्हंजे चूक सगली माजी?"

मी म्हटलं, तसं नाही, आये. मग तसं नाही तर कसं, हे सांगायला मला अर्धा तास होता. बस जागची हलत नव्हती. मी तिकिटाच्या घड्या घालत बसले. एरवी त्या अर्ध्या तासात मी टँकर पेटवला असता, कंटेनरमधून हत्ती काढला असता.

मॅडमनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. सोड्यांची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि नाकापासून लांब ठेवली. मग विचारलं, दृष्ट काढली का. आई म्हणाली, काढली. कशी काढली तेही तिने हाताने करून दाखवलं, मूठ टेकवण्यासकट. माझा जीव भांड्यात पडायला लागला. मॅडमचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "डबी उघडीच होती?"

"व्हती."

"आणि चकती? सोललेली?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. "व्हती," म्हणाली.

"कुणी सोलली?"

"ही काय बसली हाय, मान खाली घालून."

त्या खोलीलाही खिडकी नाही. मी टेबलाच्या पायाला असलेल्या स्क्रूचे आटे मोजले. सहा होते. मग मी सगळं सांगितलं. सतरा बायका, काकी, सुरीचं टोक, नथ. वाढवायला जागा खूप होती, पण आई शेजारी बसलेली, ती दर वाक्याला मान हलवून पास करत होती.

मॅडम उठल्या, चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि आईला बोलावलं. पडद्यावर चांदीची वर्तुळं, शेतात नांगर फिरल्यासारखी, आणि त्यावर धारदार कडांचे पारदर्शक चौकोन. आई पडद्याजवळ गेली. जवळजवळ नाकच लावलं.

"मीठ हाय," ती म्हणाली. "आमचंच. येवडं बारीक झालं तरी चौकोनीच." मग माझ्याकडे वळून, "मीठ तयार झालं का झाकून ठेवायचं असतं, बाय. उगडं ठेवलंस तर परत पानी."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सात वर्षांत तुझ्याबद्दलचं पहिलं खरं वाक्य ऐकलं," त्या म्हणाल्या, "तेही तुझ्याकडून नाही." साच्याला मिठाने काही झालेलं नाही हे त्यांनी तपासलं, मग माझ्या हातात परत दिला. गुरुवारी पुन्हा. सोलायचं त्यांच्यासमोर. ठिपका आला तर त्याच दिवशी त्या प्रबंधावर सही करतील, नाही आला तर वही बंद. आणि तोवर कुणाला एक शब्द सांगायचा नाही.

मंगळवार, बुधवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. माझ्या पोटात गोष्टी आंबायला लागल्या. जिन्यात काकी भेटली तर मी छताकडे बघत वर गेले. हाटकेशला गेले तेव्हा सेठने पिंप आधीच पुसून ठेवलेलं. म्हणाला, "पहुँच गया, मैडम? चाँद पे?"

"नहीं सेठ," मी म्हटलं. "घर तक ही पहुँचा."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, जणू मी आजारी आहे. थर मात्र तसाच चढवला, हात जोडूनच.

गुरुवारी मोजणीच्या खोलीत आम्ही दोघीच. दार लावलं की त्याला आतून कुलूप लागतं, बाहेर लाल दिवा लागतो, मोजणी संपेपर्यंत उघडायचं नाही. मी चकती सोलली. मॅडमनी श्वास धरला होता हे मला त्यांनी तो सोडल्यावर कळलं. लेझर लागला. सुई एकेक रेघ करत चांदीवरून फिरायला लागली, आणि पडद्यावर चित्र वरून खाली उमटायला लागलं, खाडीची ओहोटी लागल्यासारखं हळू. पहिली वर्तुळं. मग आतली. दोन माणसं, एक यंत्र, अंधार, आणि तिथेच कुठेतरी तो प्रकाश, बाहेर पडायला वाट नसलेला, मधल्या सुळक्याकडे सरकणारा. मी मनात त्याला सांगत होते की चाल बाबा, विझू नकोस, थोडंच राहिलंय.

मधे एक ठिपका आला. एवढासा. त्याच्याभोवती सगळं काळं.

सही आता या ठिपक्याच्या आकारावर होती, तो लाटेच्या निम्म्याहून लहान हवा. मॅडमनी विचारलं, "किती?"

जिन्यात मी बायकांना सांगितलं होतं, लाटेच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक. पडद्यावरचा आकडा तसं म्हणत नव्हता. दहावा म्हणायला माझी जीभ किती शिवशिवली ते मी सांगणार नाही. मी म्हटलं, "पाचव्या हिश्श्याहून थोडा मोठा."

मॅडमनी मला बाजूला केलं आणि स्वतः मोजला. मग सुई पुन्हा फिरवली, दुसऱ्या दिशेने, आणि पुन्हा मोजला. मग तिसऱ्यांदा. दर वेळी पाऊण तास. मी त्या अंधारात स्टुलावर बसून होते, काही करू शकत नव्हते, आणि मला राग आला नाही. माझा आकडा असा कुणी तीन वेळा तपासावा अशीच माझी कमाई होती. तिन्ही वेळा तोच आला. मॅडमनी दिवा लावला, पर्समधून पेन काढलं आणि माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर सही केली. म्हणाल्या, नमुने कसे बनवले त्या प्रकरणात मिठाचं लिही. जसं झालं तसं, एक शब्द जास्त नको.

परतताना बस वरसाव्याला अडकली, अर्थात. या वेळी पुढे टँकर, मागे कंटेनर. घरी आई फोनजवळच बसून असणार हे मला माहीत होतं. सांगायची बंदी आता संपली होती. सात वर्षांत मी या क्षणासाठी घडवून ठेवलेली एक मोठी गोष्ट होती, त्यात टाळ्या होत्या, परदेशातून आलेला फोन होता. मी नंबर लावला.

"काय झालं, बाय?"

मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "बघू, आये."

"म्हंजे झालं," आई म्हणाली. "नसतं झालं तर मोटी गोष्ट सांगितली असतीस." फोन ठेवायला ती विसरली असावी, कारण मागून मोहरीच्या स्टीलच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.